तिकडे पोचायला किती तास?

"तुम्ही ज्या विमानाचे तास सांगताय ना, ते विमान उडतच नाही."

आवाज माझ्या मागून आला. मी विमानतळाच्या मालवाहतूक कार्यालयात खिडकीशी उभी होते. हातात फोन होता आणि आवाज जरा चढलेला होता. खिडकीतल्या बाईंना मी तिसऱ्यांदा तेच सांगत होते, की अहो, इथे स्पष्ट लिहिलंय... साडेनऊ हजार किलोमीटर, अकरा तास. दोन विमानतळांची नावं घातली की अंतर येतं, वेळ येतो. मग तुम्ही एकतीस तास कुठून काढलेत?

मी वळले. मागे एक उंच, किडकिडीत, चष्मा लावलेला माणूस उभा होता. दोन्ही हातांत कॉफीचे कागदी कप, काखेत बंद केलेली छत्री. बाहेर पाऊस होता आणि हा डोक्यापासून खांद्यापर्यंत भिजलेला. कप मात्र कोरडे ठणठणीत! म्हणजे याने छत्री स्वतःवर नाही, कपांवर धरली होती.

"उडत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. तुमच्या फोनवरचं ते पान नकाशावर नुसती पट्टी ठेवतं. पट्टीला मध्ये कुठे उतरावं लागत नाही, तिची तपासणी होत नाही, तिला पुढच्या विमानाची वाट बघत पडून राहावं लागत नाही."

"आणि आपण कोण?"

"मी रस्ते आखतो." त्याने हनुवटीने वर दाखवलं. "आकाशातले."

"हे सगळ्यांना असंच ऐकवता?"

"नाही... बाकीच्यांना नुसतं 'ऑपरेशन्स' म्हणून सांगतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

खिडकीतल्या बाई हसल्या. "हे आमचे नकाशे. आडनाव नाही हो, आम्ही पाडलेलं नाव. त्यांनाच विचारा आता, मला सोडा."

नकाशेंनी एक कप बाईंना दिला, दुसऱ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो माझ्यापुढे केला. "घ्या. बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल. काय पाठवायचंय?"

"मासे."

"गोठवलेले?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला.

"जिवंत. चोवीस. एकेक माझ्या तळहाताएवढा, आणि एकेकाला मी नावानिशी ओळखते."

"चुकलो," तो म्हणाला. पण डोळे हसत होते. "मग आपल्याला किलोमीटर विसरायला लागतील. मासे किलोमीटर मोजत नाहीत. या, बसा."

*

आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे लांबलचक पत्र्याची शेड. शेडमध्ये साठ टाक्या, हवेच्या पंपांची अखंड घुरघुर आणि वर्षभर एकसारखी ऊब. हे सगळं आत्याने उभं केलं. मी नोकरी सोडून तिच्या हाताखाली आले त्याला पाच वर्षं झाली होती. आम्ही डिस्कस वाढवतो. थाळीसारखे गोल, चपटे मासे, अंगावर निळ्या-केशरी रेघा. स्वभावाने राजघराण्यातले. पाणी जरा गार झालं की रुसतात, जरा आवाज झाला की काळवंडतात.

आतापर्यंत आमचे मासे शहरातल्या दुकानांत जायचे. या वेळी मात्र उत्तरेकडच्या एका समुद्राकाठच्या शहरातल्या मोठ्या मत्स्यालयाने मागणी केली होती. आमचे सगळ्यात चांगले, पूर्ण वाढलेले चोवीस मासे. पोचले धडधाकट तर आमचं नाव होणार होतं. वाटेत दगावले तर आत्याने पिढ्या न् पिढ्या निवडून जपलेला सगळा वाण एका खोक्यात संपणार होता. त्यामुळे अकरा तास की एकतीस, हा माझ्यासाठी वाद घालायचा प्रश्नच नव्हता. तो जिवाचा प्रश्न होता.

शनिवारी नकाशे शेड बघायला आला. पिशवीत मासे कसे भरतात ते पाहिल्याशिवाय वेळेचा हिशेब करता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आत्याने त्याला दारातच आपादमस्तक न्याहाळलं.

"विमानवाले ते तुम्हीच?"

"हो. म्हणजे... विमान माझं नाही."

"ते कळतंय मला. चपला काढा, हात धुवा, आणि टाकीच्या काचेवर टकटक केलंत तर बाहेर काढीन."

त्याने मुकाट्याने सगळं केलं. मग एकेका टाकीपुढे वाकून, हात मागे बांधून, शाळा बघायला आलेल्या साहेबासारखा फिरत राहिला. एका टाकीपाशी मात्र थबकला. आत दोन मासे अगदी लगटून पोहत होते, आणि बाकीचे चार एका कोपऱ्यात कोंबल्यासारखे.

"हे काय चाललंय?"

"जोडी जमतेय," मी म्हटलं. "डिस्कसची जोडी आपण लावू शकत नाही. हा नर, ही मादी, राहा सुखाने, असं चालत नाही त्यांना. सहा जण एकत्र सोडायचे आणि वाट बघायची. ज्यांचं ज्यांचं पटतं ते आपोआप बाजूला होतात."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना दोघं मिळून कोपऱ्यात हाकलतात."

तो काही वेळ त्या दोघांकडे बघत राहिला. शेडच्या दुसऱ्या टोकाला आत्या जाळी धूत होती. नकाशे हळूच म्हणाला, "पटलंय हे त्यांना कसं कळतं?"

"कळतं."

"पण म्हणजे... काही मोजमाप?"

"तुमच्याकडे सगळ्यालाच मोजमाप असतं का हो?"

"बहुतेक," तो म्हणाला. "नसलं की मला सुचत नाही काही."

मी त्याला पिशव्या दाखवल्या. पाणी थोडं, वरती प्राणवायू भरपूर. दोन दिवस आधीपासून खाणं बंद, नाहीतर पिशवीतलं पाणी खराब होतं. बाहेरून थर्माकोलची पेटी. आमचे मोठे मासे अशा पिशवीत साधारण तीस तास काढतात, असा आत्याचा अंदाज होता.

"अंदाज?" नकाशेच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे करून पाहिलेलं नाही?"

"एवढ्या लांब कधी पाठवलेच नाहीत."

"मग करून बघू या," तो एकदम उजळून म्हणाला. "प्रवास आखायचा. अगदी तासाला तास, तिकडे होईल तसाच. फक्त विमानात न बसता."

*

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पेटीत सहा मासे, आत्याने मोठ्या मनाने दिलेले. "मरू द्याल तर दोघंही घरी येऊ नका," असा आशीर्वाद सोबत.

नकाशेने सगळं ठरवून ठेवलं होतं. पेटी गाडीच्या डिकीत. शहरातले सगळ्यात वाईट गतिरोधक त्याने हुडकून काढले होते आणि त्यांवरून आम्ही चार वेळा गेलो, कारण सामान चढवणारे लोक पेट्या काही फुलासारख्या उचलत नाहीत. मग दुकानांच्या एका उंच इमारतीच्या लिफ्टमधून पेटी दहाव्या मजल्यावर. लिफ्ट वर निघाली तशी त्याने घड्याळ पाहिलं.

"उड्डाण झालं."

"खिडकीची जागा का नाही दिली मला?"

"तुम्ही सामान म्हणून बसला आहात. सामानाला खिडकी नसते."

लिफ्टमध्ये एक आजी होत्या. त्यांनी आमच्याकडे, मग पेटीकडे पाहिलं आणि सहाव्या मजल्यालाच उतरून गेल्या.

दहाव्या मजल्यावर एक छोटंसं उपाहारगृह होतं. आमचं पहिलं 'विमान' सात तासांचं होतं, त्यामुळे बसणं भागच होतं. पेटी टेबलाखाली, आमच्या पायांच्या मध्ये. काचेबाहेर ढग खाली उतरलेले, शहर धूसर. त्याने खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर एक वळणदार रेघ ओढली.

"हा आपला रस्ता. सरळ नाही, बघा. पृथ्वी गोल म्हणून जवळचा रस्ता वाकडाच दिसतो. आणि इथे समोरून वारा असतो. त्यामुळे जाताना जास्त वेळ, येताना कमी."

"अंतर तेच?"

"अंतर तेच. वेळ वेगळा."

"म्हणजे तुम्ही लोक अंतराला काही किंमतच देत नाही."

"देतो. पण अंतरावर कुणी जगत नाही. वेळेवर जगतं." बोलून झाल्यावर त्याने घाईघाईने कपात पाहिलं.

सात तास... मला वाटलं होतं कंटाळून जाईन. त्याने मला सांगितलं की लहानपणी वडिलांच्या बदल्यांमुळे त्याने नऊ शाळा बदलल्या, आणि प्रत्येक नव्या घरात तो पहिल्यांदा शाळेचा सगळ्यात छोटा रस्ता शोधायचा. मी त्याला सांगितलं की मी एका कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या मंजूर करायचे आणि एक दिवस स्वतःची कायमची मंजूर करून टाकली. तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. हसताना त्याचे डोळे पूर्ण मिटतात. हे मला तेव्हा दिसलं, आणि मग ते पुन्हा दिसावं म्हणून मी त्याला हसवतच राहिले.

मधल्या विमानतळावरच्या थंड गोदामासाठी त्याने एका फुलवालीचं शीतगृह ठरवलं होतं. घाऊक दुकान, बादल्याच बादल्या, हवेत ओल्या देठांचा वास. मालकीणबाईंनी पेटी आत ठेवून घेतली आणि आमच्याकडे बघत विचारलं, "लग्नाची फुलं सांगायचीत का तुम्हाला?"

"नाही, नाही, मासे!" नकाशे म्हणाला.

"एवढ्यात नको," मी म्हटलं.

दोघंही एकदमच बोललो. बाई हसत आत गेल्या. नकाशे माझ्याकडे बघत राहिला, तोंड थोडं उघडं.

"काय म्हणालात तुम्ही?"

"एक तर ते 'तुम्ही' सोड आता," मी म्हटलं. "सात तास माझ्यासोबत हवेत होतास."

त्याने मान हलवली. दोनदा. "बरं. सोडतो... तू... तुला गार वाजतंय का?"

"नाही."

"मला वाजतंय," तो म्हणाला. पण जागचा हलला नाही.

रात्रीपुरती पेटी आमच्या ओसरीवर ठेवली आणि तो आपल्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, बरोब्बर एकतीस तासांनी, आत्याच्या समोर आम्ही पेटी उघडली. चार मासे ठीक होते. दोन मात्र पिशवीच्या तळाशी आडवे पडून धापा टाकत होते. आत्याने त्यांना टाकीत सोडलं, हाताच्या ओंजळीत धरून पाण्याखाली हळूहळू पुढे-मागे हलवत राहिली. किती तरी वेळाने एकाने कल्ला हलवला, मग दुसऱ्याने.

"वाचले," आत्या म्हणाली. "पण चार तास जास्त झालेत हे."

नकाशे तिथेच टाक्यांच्या मध्ये जमिनीवर बसला होता. "चार तास," तो म्हणाला. "चार तास मी काढतो."

*

काढले त्याने. तीन दिवसांनी फोन आला.

"सापडला. पूर्वेकडून वळसा आहे. अंतर हजारभर किलोमीटर जास्त, पण मध्ये विमान बदलायचं नाही. तेच विमान तासभर थांबून पुढे जातं. पेटी खाली उतरतच नाही. सत्तावीस तास, दारापासून दारापर्यंत."

"लांबून जाऊन लवकर पोचायचं?"

"हो. मला आधीच सुचायला हवं होतं. पण आधी मी... जरा दुसराच विचार करत होतो."

"कसला?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "गुरुवारचं विमान आहे. चालेल?"

गुरुवारी दुपारी चोवीस मासे गेले. शुक्रवारी सकाळी मी त्याच्या कार्यालयात जाऊन बसले, कारण घरी बसवत नव्हतं. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर शेकडो ठिपके सरकत होते. त्यातला एक माझा. दहाच्या सुमाराला तो ठिपका थांबला. शेवटच्या टप्प्याआधी, एका छोट्या विमानतळावर, धुक्यामुळे.

नकाशेने तीन फोन केले. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"दीड तास तरी जाणार. धुकं उठतंय, पण सावकाश. दीड तास झाला तरी आपण तिसाच्या आत आहोत. तीनाच्या वर गेला तर सांगता येत नाही. धावपट्टीवर गार आहे, म्हणून पेटीजवळची हवा गरम ठेवायला सांगितलंय आणि त्यांनी ते केलंय. करण्यासारखं एवढंच होतं. आता फक्त थांबायचं."

आयुष्यात कितीतरी जणांनी मला 'काळजी करू नकोस' म्हटलं असेल. याने तसं म्हटलं नाही. होतं तेवढं सगळं समोर ठेवलं आणि शेजारी बसून राहिला. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की मी त्याची बाही घट्ट धरून ठेवलीय. सोडली नाही. त्यानेही सोडवून घेतली नाही.

ठिपका हलला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या माशांबद्दल एव्हाना सगळ्या कार्यालयाला माहीत झालं होतं. संध्याकाळी मत्स्यालयाच्या प्रमुख बाईंचा फोन आला, चित्रासकट. मोठी उजळ टाकी, आणि तिच्यात चोवीसच्या चोवीस, जरा काळवंडलेले, रुसलेले, पण ताठ.

मी ओरडले. नकाशेला मिठी मारली. चष्मा वाकडा झाला त्याचा. तो तसाच वाकड्या चष्म्याने उभा राहिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. भुरभुर पाऊस होता. या वेळी छत्री त्याने माझ्यावर धरली.

"तीन आठवड्यांनी मी जातोय. बदली आहे. दोन वर्षांची."

"कुठे?"

"तिकडेच. तुझे मासे गेले तिथे."

मला आधी हसूच आलं. मग आलं नाही.

"तू भेटायच्या आधी अर्ज केला होता. परवा मंजूर झाला. मी... नाही म्हणू शकतो अजून. तू सांग. तू 'थांब' म्हणालीस तर—"

"तुला जायचंय?"

त्याने छत्रीची मूठ दुसऱ्या हातात घेतली.

"खरं."

"हो," तो म्हणाला. "लहानपणापासून हेच काम हवं होतं. तिकडे महासागरावरचे रस्ते आखतात."

"मग माझ्या तोंडून 'थांब' कशाला वदवून घेतोस? उद्या मनाविरुद्ध इथे बसशील आणि माझ्याकडे बघशील तेव्हा तुला ते महासागर दिसतील. नको मला तसं. जा तू."

"आणि तू?"

"माझं मी बघते," मी म्हटलं आणि छत्रीबाहेर पडले. भिजत घरी आले. शेडमध्ये जाऊन एका टाकीचं पाणी बदलायला घेतलं, आणि ती सकाळीच बदललेली होती हे अर्धी रिकामी झाल्यावर कळलं. तेव्हा मात्र रडले. अगदी नाक लाल होईपर्यंत.

आत्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"विमानवाला?"

मी मान हलवली. सगळं सांगितलं.

"त्या मत्स्यालयाच्या बाई तुला काय म्हणाल्या होत्या गं? मागणी आली तेव्हा?"

त्या म्हणाल्या होत्या की या माशांची पैदास तिकडेही सुरू करायची आहे, शिकवायला चार-सहा महिने याल का. मी तेव्हा तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं होतं.

"तू एकटी पडशील म्हणून नाही म्हटलं मी. तुझे गुडघे—"

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. साठ टाक्या मी तू रांगत होतीस तेव्हापासून सांभाळतेय. शेजारचे निवृत्त काका सकाळ-संध्याकाळ शेडमध्ये येऊन उभे राहतात, ते काय माशांसाठी?" आत्याने पदराने माझं नाक पुसलं, पाच वर्षांची असल्यासारखं. "उचलतील की बादल्या. करायला काहीतरी हवंच असतं त्यांना."

"पण लोक म्हणतील त्याच्यामागे गेली."

"तू कामाला जातेयस. तो तिथे आहे, हा त्याचा फायदा."

मी हसले. रडत असताना हसणं फार वाईट दिसतं, पण आत्याला सवय होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुख बाईंना फोन केला. माझ्या अटी सांगितल्या. चार महिने, त्याहून जास्त नाही. पाण्याचं सगळं मी ठरवणार. आणि पुढची दोन वर्षं त्यांचे सगळे डिस्कस आमच्याकडूनच जाणार. बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि हो म्हटलं.

नकाशेला मी ते त्याच्या निघायच्या दिवशी सांगितलं. मुद्दामच. तीन आठवडे तो माझ्याभोवती असा घुटमळत होता की मला दयाही येत होती आणि गंमतही वाटत होती. रोज काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि हवामान सांगायचा.

विमानतळाच्या दारात बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "मला एक विचारायचं होतं. पण आता मी निघालोय, आणि अशा वेळी विचारणं म्हणजे... तुला अडकवल्यासारखं होईल. म्हणून..."

"म्हणून विचारू नकोस. तिकडे विचार. दोन महिन्यांनी येतेय मी."

त्याचा चेहरा! चार महिने, शिकवायचं काम, अटी, सगळं मी एका दमात सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाला, "कुठल्या मार्गाने येणार आहेस?"

"तू आख."

"पूर्वेकडून नको. माणसांसाठी दुसरा चांगला आहे," तो म्हणाला, आणि सगळ्या गर्दीत, चष्म्यासकट, माझ्या कपाळावर ओठ टेकवून आत पळाला. बॅग विसरून. ती घ्यायला परत आला तेव्हा कान लालभडक झाले होते.

*

दोन महिने फोनवर गेले. तो झोपायला निघायचा तेव्हा आमच्याकडे पहाट असायची. तो महासागराच्या गोष्टी सांगायचा, मी टाक्यांच्या. वाक्यं सुरू करायचा आणि अर्धी सोडायचा. "मी काय म्हणत होतो..." आणि मग वारा कसा होता ते. मी काही घाई केली नाही. त्या टाकीतली जोडी जमायलाही मी सहा आठवडे दिले होते, आणि ती तर नुसती टाकी होती.

मी तिकडे उतरले तेव्हा दुपार होती. स्वच्छ, गार ऊन. पारपत्र तपासणाऱ्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या, दमलेल्या, पण बारीक नजरेच्या.

"कशासाठी आलात?"

"मत्स्यालयात मासे वाढवायला शिकवणार आहे." मी पत्र पुढे केलं.

"आणखी काही कारण?"

खोटं कशाला बोलायचं? "एका माणसाला होकार द्यायचाय."

बाईंनी मान वर केली. "त्याने काय विचारलंय?"

"विचारलेलं नाही. बाहेर उभा असेल. विचारेल."

"एवढी खात्री?"

"हो."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "किती दिवस राहणार?"

"चार महिने."

"होकार दिल्यावरही?"

"तरीही चारच. घरी साठ टाक्या आहेत आणि आत्या आहे. तो दोन वर्षांनी येईल तिकडे. मधे मी येत-जात राहीन, मासे घेऊन."

बाईंनी शिक्का उचलला, पारपत्रावर मारला आणि ते माझ्या हातात देताना म्हणाल्या, "लवकर जा मग. थांबलेल्या माणसांचा धीर सुटतो कधीकधी."

याचा सुटला नव्हता. कठड्याला टेकून तो उभा होता, नवा जाड कोट घातलेला, केस वाऱ्याने उडालेले. मला बघून हात वर केला आणि तो खाली घ्यायचंच विसरला. मी ट्रॉली ढकलत समोर जाऊन उभी राहिले.

"बारा मिनिटं उशीर झाला तुझ्या विमानाला," तो म्हणाला. "म्हणजे शेवटी वारा जरा—"

"विचार," मी म्हटलं.

"अं?"

"दोन महिने फोनवर अर्धं सोडत होतास ते. पूर्ण कर आता."

त्याने हात खाली घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मागून माणसं येत होती, कुणीतरी "जरा सरकता का?" म्हणत होतं. माझी ट्रॉली वाटेच्या मधोमध आडवी होती. त्याने आजूबाजूला पाहिलंच नाही.

"मला हे कशाने मोजतात माहीत नाही," तो म्हणाला. "आणि तरी... माझी पूर्ण खात्री आहे. लग्न करशील माझ्याशी?"

"हो."

एवढंच म्हटलं मी. तोवर मागच्या एका काकूंनी आपली बॅग माझ्या पायावरून नेली आणि दोघांनाही बाजूला व्हायला लावलं. आम्ही ट्रॉली ओढत भिंतीशी आलो. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू त्या गडबडीत उत्तर नीट ऐकूच आलं नव्हतं. मी त्याच्या कोटाची कॉलर धरली, त्याला जवळ ओढलं, आणि पुन्हा एकदा, नीट, सावकाश, त्याच्या लाल झालेल्या कानात सांगितलं – हो.